भट्टीला पोतेरं

धारवाडबाहेर रायापूरच्या नव्या जागेत आम्ही राहायला गेलो तेव्हा खिडक्यांना काचा नव्हत्या आणि दाराला कडी नव्हती. विमलाक्का झोपताना दारामागे मातीचं एक पोतं सरकवून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "चोर आला तर त्याला आधी ही माती मळायला लावू." त्यांची दुसरी विद्यार्थिनी लीला हसायची. मी हसायची नाही. पोत्याआडचं ते दार मला आपलं वाटत नव्हतं.

विमलाक्का म्हणजे मला मातीकाम शिकवणाऱ्या बाई. त्यांचं घराणं कानडी, पण माझ्याशी मराठीत बोलायच्या. त्या मडकी करत नसत. पांढऱ्या मातीचे पेले, ताटल्या, उंच मानेच्या बरण्या करायच्या, त्यांना झिलई देऊन भाजायच्या आणि ते सामान बेंगळूरला प्रदर्शनाला जायचं. आधी त्यांचा स्टुडिओ धारवाडात सुभाष रोडला एका कापडाच्या दुकानामागच्या खोलीत होता. माझी आत्या तिथं भांडी घासायला जायची आणि मला मदतीला घेऊन जायची. चौथी झाली तेव्हा माझी शाळा सुटली होती. मग दोन-तीन वर्षं अळणावरजवळच्या आमच्या गावात भात लावणं, तण भांगलणं, आणि मग आत्याबरोबर धारवाड. एक दिवस उरलेल्या मातीच्या गोळ्याची मी दोन बोटांएवढी चूल केली आणि खिडकीत वाळत ठेवली. अक्कांनी विचारलं, "हे कोणी केलं?" मी आत्याच्या मागं लपले. आत्या म्हणाली, "हिनंच की अक्का. हिची आई गावात सगळ्यांना चुली घालून देत्या, ही बघत बसत्या." अक्कांनी ती चूल तळहातावर घेऊन बराच वेळ फिरवली. म्हणाल्या, "उद्यापासून हिला भांडी नकोत. माती मळू दे." एवढ्यावर मी विद्यार्थिनी झाले. कागद नाही, फी नाही, काही नाही.

सुभाष रोडची खोली अंधारी होती, पण तिथं आवाज होता. दुकानदार कापडाचा तागा आपटून उलगडायचा तो आवाज, पेढ्यांच्या दुकानातलं उलथनं कढईच्या बुडाला घासायचं तो आवाज, टांगेवाल्यांची भांडणं. रायापूरला नुसता वारा. समोर जोंधळ्याचं शेत, मागं माळ, आणि मधूनच हुबळीला जाणारी बस लांबून घरघरत यायची, जवळून जायची, आणि पुन्हा सगळं गप्प. आजूबाजूचे लोक आमच्या जागेला 'भट्टीचं घर' म्हणायचे. अक्का, लीला आणि मी अशा तिघी तिथं राहायचो. मी चाकावर बसले की माझी माती डगमगायची. मधोमध बसत नसे ती. लीला हुबळीची, कॉलेज शिकलेली, चष्मा लावायची. ती म्हणायची, "शेवंते, माती तुझ्यासारखीच लाजत्या बघ." तिच्या बोलण्यात काटा नव्हता. मातीला पाय लावायच्या आधी मी हात जोडायची, तर तीही जोडायला लागली. म्हणायची, "तू एकटीच पुण्य करणार, मी नरकात जाऊ काय?"

आणि त्या घरात चूल नव्हती. हे मला सगळ्यात जास्त लागलं. अक्का वातीच्या स्टोवर चहा करायच्या, त्यावरच मी भाकऱ्या भाजायची. भाकरीला रॉकेलचा वास यायचा. लाल मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी लावली की तो कमी व्हायचा, पण जायचा नाही. आमच्या घरी सकाळी आई पहिल्यांदा चुलीतली राख काढायची, मग लाल माती आणि शेण कालवून ओल्या फडक्यानं चुलीला पोतेरं घालायची. ते घातल्याशिवाय चूल पेटत नसे. ओल्या मातीवर ती शेवटी चार बोटं ओढायची, लाटेसारखी, डावीकडून उजवीकडे. मग आमच्याकडं न बघताच म्हणायची, "बसा आता, पाणी पिऊन घ्या, भाकरी टाकतो." गावात कुणाकडं नवी चूल घातली की पहिलं पोतेरं आईच्या हातचं असायचं. मग हळदकुंकू, मग दूध उतू घालवायचं, आणि त्यानंतर स्वयंपाक. मी घरून निघाले तेव्हा तिनं माझ्या ट्रंकेत, साडीच्या फडक्यात बांधून, लाल मातीचा एक मोठा गोळा ठेवला. कशाला, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रायापूरला मी रोज ट्रंक उघडून त्याचा वास घ्यायची. त्यावर थोडं पाणी शिंपडलं तर वास जास्त यायचा, पण गोळा झिजेल म्हणून शिंपडत नव्हते.

नवी भट्टी अंगणात उभी राहिली होती. माणूस वाकून आत जाईल एवढी मोठी, वरून कमानीची, लाकडावर पेटणारी. ती बसण्णांनी बांधली. बसण्णा हुबळीजवळच्या उणकलचे, सायकलीवरून यायचे, साठीच्या जवळचे. विटांच्या भट्ट्या रचण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि अशी चिनीमातीची भट्टी बांधणारा त्या बाजूला दुसरा कोणी नव्हता. वीट हातात घेतली की ते ती कानाजवळ नेऊन बोटानं वाजवायचे. मला म्हणायचे, "तुझा आवाज ऐकायला तुलाबी असंच वाजवून बघाय पाहिजे काय गे?" मी तेवढ्यावर आत पळायची. भट्टी झाल्यावर तीन दिवस त्यांनी आत काटक्या जाळून ती शेकून घेतली. आता खरी पेटणार होती. त्यात अक्कांच्या वर्षभराच्या बरण्या रचल्या जाणार होत्या, लीलाच्या ताटल्या, आणि माझा एक वाडगा. माझ्या हातून सरळ उभा राहिलेला तो पहिलाच. अक्कांनी त्याला निळी झिलई दिली होती. तो मी आईला देणार होते.

भट्टी भरायच्या आदल्या दिवशी अक्कांना निरोप आला की हुबळीला त्यांच्या आईची तब्येत बिघडली आहे. जाता जाता त्या म्हणाल्या, "लीला, उद्या तुम्ही दोघी भरा, कशावर काय ठेवायचं ते लिहून ठेवलंय. बसण्णा येऊन पेटवतील. शेवंता, भट्टी आतून झाडून ठेव, स्वच्छ दिसली पाहिजे." लीला त्यांना बसपर्यंत सोडायला गेली आणि तिकडूनच बाजारात गेली. मी खराटा घेऊन भट्टीत शिरले. झाडून झालं. आत पांढुरक्या विटा, कोऱ्या, उघड्या. मी तिथं बसून राहिले. या घराची चूल ती हीच, असं मला वाटलं. उद्या पहिल्यांदा खरी पेटणार आणि तिला पोतेरं नाही. आईनं असल्या चुलीवर पाणीसुद्धा तापवलं नसतं.

मग मी ट्रंक उघडली. शेजारच्या गोठ्यातून शेण आणलं. आईनं दिलेला सगळा गोळा घमेल्यात भिजवला, त्यात शेण कालवलं. फडकं घेऊन मी भट्टी आतून सारवून काढली. भिंती, मागची बाजू, आणि उताणी पडून वरची कमानसुद्धा. माती डोळ्यांत पडत होती. शेवटी दारापाशी खाली, उजव्या हाताला, मी चार बोटं ओढली. माझी उजवी करंगळी लहानपणी उखळात सापडून वाकडी झाली आहे, त्यामुळं माझ्या लाटेतली चौथी रेघ नेहमी बाकीच्या तिघींपासून फुटून बाहेर जाते. आई त्याला हसायची. त्या दिवशी, रायापूरला गेल्यापासून पहिल्यांदा, मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी लीलानं भट्टीत डोकं घातलं आणि म्हणाली, "अगो बाई, बसण्णांनी आतून रंग दिलाय की! किती छान दिसतंय." मी म्हणायला पाहिजे होतं, मी दिलाय. तोंडापर्यंत आलं होतं. पण ती इतक्या खात्रीनं बोलली, की मध्ये बोलायला मला लाज वाटली. एवढंच झालं. पुढचं सगळं त्या एवढ्याशा गप्प बसण्यातून निघालं. आम्ही भट्टी भरली, दार विटांनी बंद केलं, बसण्णांनी येऊन बाहेरून नमस्कार केला आणि लाकूड लावलं. दीड दिवस जळली, दोन दिवस निवली.

उघडायच्या सकाळी अक्का परत आल्या. बसण्णा दाराच्या विटा एकेक काढत होते. चारसहा विटा निघाल्या आणि लीला म्हणाली, "हे काय आहे?" आमच्या लाल मातीला एवढी आग सोसत नाही, हे मला कोण सांगणार होतं? ती वितळून पाण्यासारखी झाली होती. कमानीवरून तपकिरी काचेचे थेंब लोंबत होते आणि खाली सगळ्या भांड्यांवर सांडले होते. अक्कांनी मोठी पांढरी बरणी उचलली, तर मानेपासून बुडापर्यंत एक काळसर ओघळ. लीलाच्या ताटल्या भट्टीतल्या भाजक्या मातीच्या फळीला चिकटून एक झाल्या होत्या. माझा वाडगा बसण्णा छिन्नीनं सोडवायला गेले, तो हातातच दुभंगला.

अक्का ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "बसण्णा, आतून काय लावलं होतं?"

"काय नाही अक्कार. पांढरी वीट हाय तशी."

"लाल रंग दिला होता की तुम्ही," लीला म्हणाली. तिनं पाहिलं तेच ती सांगत होती. "भरताना मी बघितला."

"ना हच्चिल्री," बसण्णा कानडीत म्हणाले. म्हणजे, मी लावलं नाही हो. मग तेच पुन्हा मराठीत म्हणाले.

"मग भिंतीला काय आपोआप आला?" अक्कांचा आवाज बारीक झाला होता. "जन्मभर भट्ट्या बांधल्या म्हणता. आत काय लावावं आणि काय लावू नये एवढं कळत नाही? माझं वर्ष गेलं, बसण्णा."

मी भिंतीला टेकून उभी होते. मी बोलले की अक्का मला आत्याबरोबर गावी पाठवणार, पुन्हा भांगलण, पुन्हा दुसऱ्याची भांडी, आणि चाकावर मी कधी बसणार नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. बसण्णा वाकून भट्टीच्या तोंडाशी बसले. दारापाशी आग कमी लागते. तिथलं माझं सारवण वितळलं नव्हतं, भाजून कौलासारखं पक्कं झालं होतं. त्यांनी त्यावर हात फिरवला आणि थांबले. चार रेघा. त्यांनी आपली चार बोटं त्या रेघांत बसवून बघितली. बसली नाहीत, जाड होती. मग त्यांनी चौथ्या रेघेवरून, त्या फुटून गेलेल्या रेघेवरून, एकट्या करंगळीनं सावकाश ओढलं. आणि मान वळवून माझ्या हाताकडं बघितलं. मी हात पदरात घेतला.

ते उठले. गुडघे झाडले. म्हणाले, "असंल अक्कार. माझ्याच हातनं झालं असंल. म्हातारपण आलं."

"उद्यापासून येऊ नका," अक्का म्हणाल्या. बसण्णांनी थापी, ओळंबा, दोरी पिशवीत भरली, सायकल घेतली आणि गेले. माझ्याकडं पुन्हा बघितलं नाही.

आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून मोठी आहे. मला नातवंडं आहेत. तरी ती सायकल रस्त्याला लागलेली आठवली की माझा हात आपोआप पदराकडं जातो.

पुढचे तीन दिवस लीला रडून रडून फळ्या घासत होती. आता हुबळी-धारवाडात बसण्णांना कोण भट्टी बांधायला बोलावणार, हे कोणी बोललं नाही तरी सगळ्यांना कळत होतं. चौथ्या दिवशी अक्कांनी मला आतलं सगळं खरवडून काढायला सांगितलं. मी छिन्नी घेऊन कमान खरवडली, भिंती खरवडल्या. दारापाशी आले आणि हात चालेना. संध्याकाळी अक्का बघायला आल्या. म्हणाल्या, "हा तुकडा का ठेवलास?"

मी खाली बसले आणि माझा उजवा हात त्या रेघांवर ठेवला. चारही बोटं आपापल्या जागी जाऊन बसली. करंगळी बाहेर गेली, रेघ जिथं जात होती तिथंच.

अक्कांनी माझ्या करंगळीकडं बघितलं. मग पालथ्या बादलीवर बसल्या.

"तू?"

मी मान डोलावली.

"कशाला गं?"

"पहिल्यांदा पेटणार होती. पोतेरं न घालता कशी पेटवायची?"

त्यांच्या तोंडातून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि लगेच बंद झालं. "मला चिनीमाती शिकवायची होती," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आणि कुठली माती किती आग सोसते हे मी तुला एकदाही सांगितलं नाही." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बरण्या पुन्हा होतील. पण त्या माणसाला मी तुझ्यासमोर बोलले आणि तू ऐकलंस. ते पुन्हा कसं होणार? उद्या उणकलला जा. एकटी जा. मी येणार नाही, लीला येणार नाही. तुझ्या तोंडानं सांग आणि घेऊन ये."

"आणि मग मी गावाला जाऊ?"

"ते आल्यावर बघू," अक्का म्हणाल्या.

मी तोवर कधी एकटी बसमध्ये बसले नव्हते. कंडक्टरला उणकल म्हणायला तीन वेळा तोंड उघडलं. उणकल तेव्हा तळ्याकाठचं गावच होतं. तळ्यात म्हशी होत्या, काठावर बायका धुणं धूत होत्या. त्यांना घर विचारायचं म्हणून मी एवढा वेळ नुसती उभी राहिले की त्यातलीच एक म्हणाली, "यार बेकव्वा?" कोण पाहिजे गं? मी म्हटलं, "बसण्णा, भट्टीवाले." ती म्हणाली, "माझाच नवरा हाय तो," आणि पिळलेलं लुगडं माझ्या हातात देऊन पुढं चालू लागली.

बसण्णा कट्ट्यावर शेंगा फोडत बसले होते. मला बघून म्हणाले, "आली काय आवाज घेऊन?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. सगळं. पोतेरं, आईचा गोळा, लीला रंग म्हणाली ते, मी गप्प बसले ते. माझ्या आयुष्यात तोवर मी एका दमात एवढं बोलले नव्हते. त्यांच्या बायकोला, गंगव्वाला, मराठी पुरतं कळत नव्हतं. बसण्णांनी तिला कानडीत सांगितलं, तशी ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की शेंगांचं सूप सांडलं.

"तुम्हाला कळलं होतं," मी म्हटलं. "मग का नाही बोलला?"

"मी गेलो तर दुसरीकडं वीट रचतो," ते म्हणाले. "तू गेली असतीस तर परत आली असतीस काय?"

ते शेंगा फोडत राहिले. मग म्हणाले, "सारवायचं ते चुकलं न्हाई गे. आमची विटांची भट्टीबी आम्ही सारवतोच. पर बाहेरनं. आतनं आग आपली आपण सारवत्या. तिच्या घरात आपण हात घालायचा न्हाई."

गंगव्वानं मला जोंधळ्याची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. चुलीवरची भाकरी. पहिला घास घेतला आणि मी रडायला लागले. ती म्हणाली, "तिखट हाय काय?" मी म्हटलं, "हो."

बसण्णा दुसऱ्या दिवशी आले. अक्का दारात गेल्या, त्यांच्या हातातली थापीची पिशवी आपल्या हातात घेतली आणि आत आणून ठेवली. चहा झाला. मला गावाला पाठवायची गोष्ट कोणी काढली नाही, मीही विचारली नाही, आणि अशीच मी तिथं आठ वर्षं राहिले. पुढं भट्टी जेव्हा जेव्हा लागायची तेव्हा दार बंद झाल्यावर बसण्णा मला हाक मारायचे, "शेवंता, ये गे. बाहेरनं!" दाराच्या विटांवर मी बाहेरून लाल माती फासायची आणि चार बोटं ओढायची. अक्का बाजूला उभ्या राहायच्या. त्या देवाधर्मातल्या नव्हत्या. पण एकदा मी तापानं पडले होते तर त्यांनी भट्टी दोन दिवस थांबवली, हे लीलानं मला नंतर सांगितलं.

आईनं ती भट्टी कधी पाहिली नाही. निळ्या झिलईचा दुसरा वाडगा मी तिला नेऊन दिला. तो तिनं वापरला नाही, फळीवर पालथा ठेवला, आणि आल्यागेल्याला दाखवायची, "हे आमच्या पोरीनं केलंय, चुलीत नव्हे, भट्टीत." गोळ्याचं काय झालं ते मी तिला सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं. ती सगळ्यात जास्त हसली असती.

आता मी उणकललाच राहते, मुलाच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर. तळं खिडकीतून दिसतं, पण बसण्णांचं घर कुठं होतं ते आता ओळखू येत नाही. अक्का गेल्या, लीला परदेशात मुलीकडं असते. रायापूरच्या त्या जागेवरून बसनं जाताना मी दर वेळी खिडकीची बाजू धरते, आणि दर वेळी ती जागा येऊन मागं पडल्यावरच कळतं.

सकाळी सगळ्यांच्या आधी मी उठते. आमच्याकडं गॅस आहे, काळ्या दगडाचा ओटा आहे. चहाचं पाणी ठेवायच्या आधी मी ओलं फडकं घेऊन शेगडीभोवतीचा ओटा पुसते आणि त्या ओल्यावर चार बोटं ओढते, डावीकडून उजवीकडे. बोटांचे सांधे आता सुजलेले असतात, तीन रेघा एकमेकींत मिसळतात. करंगळीची मात्र अजून वेगळी जाते. मागं एकदा सून पाणी प्यायला उठली होती. म्हणाली, "आई, हे काय करता रोज?"

"काही नाही," मी म्हटलं. "पुसतेय."

तिनं कोरडं फडकं माझ्या हातात दिलं. मी ते तसंच हातात धरून उभी राहिले, रेघा आपोआप वाळेपर्यंत, आणि मग गॅस पेटवला.